चौकटीतले आजोबा

कुमुदताईंच्या दारात चपला काढताना मी उजवा हात पदरात गुंडाळून घेतला आणि मूठ घट्ट आवळली. डाव्या हातात पुस्तक आणि नारळाच्या वड्यांचा डबा. बेल वाजवायला हात उरला नाही, म्हणून ती कोपरानं वाजवली.

"अहो, हाताला काय झालं?" दार उघडताच कुमुदताईंनी विचारलं.

"भाजलाय जरा. फोडणी उडाली."

पहिलं खोटं उंबऱ्याबाहेरच बोलून झालं. आत गेल्यावर आणखी किती बोलावी लागणार होती कुणास ठाऊक.

या गोष्टीला आता पंचवीसएक वर्षं झाली. कराडात आमची बायकांची पुस्तक-भिशी होती. दर महिन्याला चिठ्ठी निघायची, जिची निघेल तिच्या आवडीचं पुस्तक घ्यायचं, सगळ्यांनी ते वाचायचं आणि तिच्याच घरी जमून मतं सांगायची. मतं सांगायचीच, ही सक्ती प्रभावती जोगबाईंची. त्या निवृत्त मुख्याध्यापिका. 'छान आहे' एवढंच म्हणून कुणी गप्प बसलं तर त्या चष्म्यावरून बघायच्या, आणि आमच्यासारख्या नातवंडं व्हायच्या वयाच्या बायका बाकावर उभं केल्यासारख्या व्हायच्या.

त्या महिन्यात चिठ्ठी कुमुदताई इनामदारांची निघाली होती. कुमुदताई माझ्या होणाऱ्या विहीणबाई. माझ्या केतकीचा आणि त्यांच्या अमोघचा साखरपुडा पुढच्याच रविवारी ठरला होता. आणि त्यांनी पुस्तक निवडलं होतं 'देवयानीचं बिंग'. हलकीफुलकी कादंबरी. साखरपुड्याच्या धांदलीत जड काही नको म्हणून.

कादंबरीतली देवयानी मुळात देवयानी नव्हतीच. ती होती डेबोरा, अलिबागकडची बेने इस्रायल, म्हणजे आपली कोकणातली, मराठी बोलणारी ज्यू. पुण्यात खोली मिळावी म्हणून ती देवयानी होते आणि मग खोट्यावर खोटं रचत जाते. शेवटी तिचं बिंग फुटतं ते तिच्या हातामुळे. त्यांच्या घरांच्या दाराला, उजव्या चौकटीवर, एक लहानशी नळी ठोकलेली असते. आत कातड्यावर लिहिलेली प्रार्थना. येता-जाता तिला हात लावायचा आणि बोटं ओठांशी न्यायची. डेबोराचा हात सवयीनं परक्या चौकटीकडंही जातो. घरमालकीण ते बघते, पोरगी करणी करते असं समजून मांत्रिकाला बोलावते आणि पुढची वीस पानं हसून हसून पुरेवाट.

वाचताना मी हसले नाही. कारण माझं नाव राहेल.

म्हणजे होतं. श्रीधर सोहोनींशी मुंबईला नोंदणी लग्न करून मी कराडला आले, तेव्हा सासूबाईंनी ताटात तांदूळ पसरले, श्रीधरनी अंगठीनं 'रोहिणी' लिहिलं आणि राहेल त्या तांदळाखाली राहिली. माहेरचं आडनाव नागावकर. ते कुणाचंही असू शकतं. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "माहेर विचारलं तर नागावकर म्हणायचं. त्यापुढं कुणी विचारलं तर पाणी प्यायला उठायचं." सासूबाई जाऊन सहा वर्षं झाली होती, पण माझी पाणी प्यायला उठायची सवय काही गेली नव्हती. अख्ख्या गावात मला तहान फार लागते असाच समज होता.

हात मात्र मी आवरला होता. कुणाच्याही दारात तो वर जाऊ दिला नव्हता. पण आता सगळ्यांनी ते पान वाचलेलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. आज नेमका तो वर गेला तर, या धास्तीनं मी त्याला कैद्यासारखा बांधून आणला होता.

आत जोगबाई खुर्चीत बसल्या होत्या आणि निमा शेटे सतरंजीवर. निमाचं बाजारपेठेत साड्यांचं दुकान, आवाज दुकानाबाहेर जाईल एवढा. आतल्या खोलीतून कुमुदताईंच्या सासऱ्यांच्या, अप्पांच्या स्तोत्रपठणाचा आवाज येत होता. नव्वदीचे अप्पा सोवळ्यातच जेवायचे. त्यांच्या नातवाला मी माझी मुलगी देणार होते. तो आवाज ऐकून मी पदरातली मूठ आणखी आवळली.

"करा सुरू," जोगबाई म्हणाल्या. "निमा, तू."

"मला लई आवडलं," निमा म्हणाली. "तो मांत्रिक लिंबू घेऊन जिन्यावरनं घसरतो तिथं तर मी दुकानात गिऱ्हाईकासमोर हसले ओ! मालक म्हणाले, येड लागलं काय तुला."

"पण आवडलं का?"

"हसू आलं म्हणून आवडलं. आता हसण्याला काय कारण सांगू बाई?"

"मला विचाराल तर लेखिकेनं विषय वाया घालवलाय," जोगबाई म्हणाल्या. "एवढी मोठी गोष्ट, माणसानं आपलं मूळ लपवायचं, आणि तिचा नुसता फार्स. त्या मुलीला भीती कशी वाटत नाही? खोटं उघडं पडेल म्हणून एकदाही झोप उडत नाही तिची. मला नाही पटलं."

मला त्यांचे पाय धरावेसे वाटले. त्या पुस्तकात जे नव्हतं ते कुणीतरी बरोबर ओळखलं होतं, आणि त्याच माणसासमोर मला गप्प बसायचं होतं.

"पण मी म्हणते, असले लोक खरंच आहेत का ओ?" निमानं विचारलं. "आपल्यासारखं मराठी बोलणारे? मला वाटलं लेखिकेनं मनानंच घातलंय."

"आहेत की. कोकणात शनवार तेली म्हणत त्यांना. तेलाचे घाणे असायचे आणि शनिवारी घाणा बंद." जोगबाई माझ्याकडं वळल्या. "रोहिणी, तुमचं माहेर त्याच बाजूचं ना? तुम्ही पाहिले असतील."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. नेमकी तेव्हाच मला खरोखरची तहान लागली, आणि उठायची काही सोय नव्हती.

"हो," मी म्हणाले. "होते. आमच्या शेजारी एक घर होतं."

माझे बाबा, माझी आई, आमचा झोपाळा, शुक्रवारी संध्याकाळी आई लावायची तो तेलाचा दिवा, सगळं एका वाक्यात मी शेजारी नेऊन ठेवलं.

"कसे होते हो?"

"चांगले होते. साधे. आपल्यासारखेच."

"मग ते मटण आणि खीर खातात ते खरं?" निमाला खाण्याच्या गोष्टींत फार रस. "सणाला डेबोराची आई मटणाचं जेवण करते आणि वर दुधाची शेवयांची खीर वाढते. वाचूनच तोंडाला पाणी सुटलं."

"छे, मटणाबरोबर दूध नाही चालत," मी म्हणाले. "लेखिकेचं चुकलंय ते. खीर नारळाच्या दुधाची असते. दुधाचं भांडंसुद्धा वेगळं—"

आणि मी थांबले. जोगबाई चष्म्यावरून बघत होत्या.

"तुम्हाला शेजारणीच्या भांड्यांची बरीच माहिती दिसते."

"लहानपणी... येणं-जाणं असायचं."

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या, आणि मला कळेना की त्यांनी मान डोलावली ती पटलं म्हणून की टिपून ठेवलं म्हणून. पदराआड माझी बोटं बधिर झाली होती. मी देवाला म्हटलं, आजचा दिवस निभावून ने. कुठल्या देवाला म्हटलं ते मात्र माझं मला ठाऊक नाही. भीतीत माणूस पत्ता बघत नाही.

तेवढ्यात कुमुदताई हसायला लागल्या.

"माझं मत सांगू? मला तर वाचताना सारखी आमची केतकीच आठवत होती!"

"आता तिचा काय संबंध?" निमा म्हणाली.

"अगं, दसऱ्याला सोनं द्यायला आली होती. दारात थबकली, हात असा वर नेला, चौकटीला लावला आणि बोटं ओठांशी नेली. मी म्हटलं, काय गं हे? तर म्हणाली, आजोबांना सांगून आत येते काकू. लहानपणापासूनची सवय आहे. मला इतकं गोड वाटलं! आणि आता हे पुस्तक वाचलं तर अगदी तस्संच, ती डेबोरासुद्धा..."

त्यांचा हात हवेतच राहिला.

मी आवरला होता तो माझा हात. केतकीचा कुणी आवरायचा?

तो माझ्याच घरात शिकला होता. लग्नाच्या आदल्या दिवशी बाबा मला मुंबईत भेटले. लग्नाला ते येणार नव्हते, आणि पुढच्या महिन्यात सगळे इस्रायलला जाणार होते. खिशातून त्यांनी आमच्या घराच्या दारावरची ती पितळी नळी काढली. म्हणाले, "दार त्यांचं असू दे. एवढी चौकट तुझी." सासूबाई कीर्तनाला गेल्या असताना श्रीधरनी ती कोठीच्या खोलीच्या चौकटीवर ठोकली आणि वरून चौकटीचाच ऑइलपेंट दिला. दिवाळीत घराला रंग दिला की तिच्यावर एक थर चढायचा. शेवटी तो लाकडाला आलेला उंचवटा वाटायला लागला. केतकी कडेवर असताना माझा हात बघून तिचाही हात तिथं जायचा. बोलायला लागल्यावर तिनं विचारलं, "इथं कोण आहे?" मी म्हणाले, "आजोबा." दुसरं काय सांगणार होते? आणि पोरीनं आजोबांना जगातल्या सगळ्या चौकटींत बसवलं. शाळेच्या, परीक्षेच्या हॉलच्या, आणि आता इनामदारांच्या.

"चौकटीला?" जोगबाईंनी चष्मा काढला. "उजव्या?"

कुमुदताई माझ्याकडं बघत होत्या. माझा चेहरा, पदरातली मूठ, पुन्हा चेहरा. एखादा हिशेब जुळावा तसं त्यांचं तोंड हळूहळू मिटलं. मला वाटलं, आता त्या ओरडतील, आणि आतले अप्पा स्तोत्र थांबवतील.

"छे हो," त्या एकदम म्हणाल्या. "उंबऱ्याला नमस्कार केला तिनं. आपण देवळात करतो तसा. ते पुस्तक डोक्यात बसलं ना, त्यामुळं मीच चौकट म्हणाले. निमा, तू त्या मांत्रिकाचं वाच बरं पुन्हा, जोगबाईंना हसवूया. मी चहा टाकते. रोहिणीताई, तुम्ही या जरा आत."

स्वयंपाकघरात त्यांनी गॅस पेटवला, आधण ठेवलं आणि माझ्याकडं पाठ करूनच बोलल्या.

"हात सोडा तो. भाजलेला नाहीये."

मी सोडला. पदर चुरगळून ओला झाला होता.

"केतकीच्या आजोबांचं नाव काय?"

पाणी प्यायला उठता येत नव्हतं. मी उभीच होते.

"एलिजा," मी म्हणाले. "एलिजा नागावकर." त्या गावात हे नाव मी पहिल्यांदाच मोठ्यानं उच्चारत होते.

"आणि तुमचं?"

"राहेल."

बाहेरून निमाच्या खदखदा हसण्याचा आवाज आला. मांत्रिक जिन्यावरून घसरला असणार.

"कुमुदताई, तुम्हाला जे बोलायचं ते मला बोला. केतकीला याच्यात—"

"केतकीला माहीत आहे?"

मी मान हलवली. नाही.

आता त्या वळल्या. त्यांना मी कधी चिडलेलं पाहिलं नव्हतं. "ती आजोबांचं म्हणाली तेव्हा मला वाटलं, असेल काहीतरी यांच्या घरचं. तिला ठाऊकच नाही? रोहिणीताई, तुम्ही कोण, कुठल्या, हे मला पचायला वेळ लागेल. खोटं कशाला सांगू. अप्पांना काय सांगायचं ते मला आत्ता सुचत नाहीये. पण ते माझं मी बघेन. तुम्ही पोरीला न सांगता आमच्या घरात पाठवत होता? बाहेर काय चाललंय ऐकताय ना?"

निमा हसत होती. जोगबाईसुद्धा.

"लग्नानंतर आमच्या घरात पन्नास बायका येतील. त्यातल्या चौघींनी हे पुस्तक वाचलेलं असेल. माझी सून चौकटीला हात लावेल, सगळ्या हसतील आणि तिला बिचारीला कळणारही नाही की लोक का हसतायत. त्या डेबोराला निदान ती कोण आहे ते ठाऊक तरी होतं."

चहा उतू जायला आला. त्यांनी गॅस बारीक केला.

"आज सांगा तिला. उद्या सकाळी मी येते. तिलाच विचारेन. तिला ठाऊक नसलं तर साखरपुडा होणार नाही. कारण मी कुणाला सांगायची नाही, घाबरू नका. कारण तुम्ही द्या, तुम्हाला सवय आहे."

मी घराकडं निघाले. इतकी वर्षं मी गावाला भीत आले होते. जोगबाईंना, निमाला, सासूबाईंच्या मागे राहिलेल्या नातेवाइकांना. आणि आता गावाची भीती एकदम बारीक झाली होती. घर जवळ येत होतं आणि घरात केतकी होती.

ती साखरपुड्याच्या साडीला फॉल लावत बसली होती. तोंडात दोरा. "आई, मावश्यांचं मत काय पडलं? मला दे ना ते पुस्तक, अमोघची आई म्हणत होती फार विनोदी आहे."

मी स्वयंपाकघरातून सुरी घेतली, कोठीच्या दाराशी गेले आणि चौकटीवरचा रंग खरवडायला लागले. बोलायला सुरुवात कशी करायची ते येत नव्हतं, म्हणून हे.

श्रीधर वर्तमानपत्र खाली ठेवून उठले. "अगं—" एवढंच म्हणाले. मग त्यांनी हत्यारांच्या पेटीतून स्क्रू-ड्रायव्हर आणला आणि माझ्या हातात दिला.

रंगाच्या खपल्या पडत गेल्या. हिरवा, पिवळा, करडा, पुन्हा हिरवा. आणि खाली पितळ चमकलं.

"हे काय आहे?" केतकी मागे येऊन उभी होती.

मी सगळं सांगितलं. तिच्याकडं न बघता, चौकटीकडं बघून सांगितलं. राहेल, एलिजा, नागाव, तांदूळ, रंगाचे थर. नळीच्या आत काय लिहिलंय तेही.

ती आधी हसली. "म्हणजे आजोबा खरंच होते इथं?" आणि मग तिचं हसू गेलं. "आजीला माहीत होतं?"

"हो."

"बाबांना?"

"हो."

"आणि अमोघच्या आईला?"

"आज कळलं."

"म्हणजे मीच तेवढी राहिले होते," ती म्हणाली.

मी हात पुढं केला. ती मागं सरकली. साडी तशीच जमिनीवर टाकून ती खोलीत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. आमच्याकडं दारफाळणीचा सण असतो. त्या दिवशी उपास करायचा, दारं लावून बसायचं आणि वर्षभराच्या चुकांची माफी मागायची. त्या संध्याकाळी दार तिनं लावलं होतं आणि माफी मला मागायची होती. मी दाराशी बसून दोनदा हाक मारली. ती जेवायलाही आली नाही.

सकाळी बेल वाजली. मी दाराकडं निघाले, पण केतकी खोलीतून बाहेर आली, मला ओलांडून पुढं गेली आणि दार तिनंच उघडलं. डोळे सुजलेले. केस विंचरलेले नव्हते.

कुमुदताई उंबऱ्याबाहेरच थांबल्या. त्यांनी केतकीला विचारलं, "तुझ्या आजोबांचं नाव काय गं?"

मला केतकीची फक्त पाठ दिसत होती. ती 'नागावकर' म्हणेल आणि पाणी प्यायला वळेल, असं मला वाटलं. तिच्या रागाचा तिला हक्क होता. एका शब्दात तिला सगळं मोडता आलं असतं.

"एलिजा नागावकर," केतकी म्हणाली. "आणि काकू, याच्यापुढं काही विचारू नका. मलाही कालच कळलंय."

"मलाही कालच," कुमुदताई म्हणाल्या. "म्हणजे आपण दोघी एका इयत्तेत." आणि त्या आत आल्या.

अप्पांचं काय करायचं, अमोघशी कोण बोलणार, यावर त्या दोघीच बोलल्या. मी समोर बसले होते, पण मला कुणी काही विचारलं नाही. कुमुदताई चहाचं नको म्हणाल्या आणि उठल्या. जाताना कोठीच्या दाराशी थांबल्या. तिथं लाकूड खरवडलेलं आणि मधोमध ती पितळी नळी. जमिनीवर रंगाच्या खपल्या अजून तशाच.

त्यांनी बांगड्या मागं सारल्या. हात उचलला, अर्ध्यावर थांबवला.

"कुठला हात? उजवाच ना?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण केतकी आधी बोलली.

"उजवा. पण चुकला तरी चालतो, काकू. मी तर इतकी वर्षं न कळताच लावत होते."

हे ती त्यांच्याकडं बघून म्हणाली. माझ्याकडं तिनं पाहिलं नाही. कुमुदताईंनी हात लावला, बोटं ओठांशी नेली आणि गेल्या. केतकीनं केरसुणी आणली आणि खाली वाकून खपल्या गोळा करायला लागली. मी सुपली घेऊन तिच्यासमोर धरली. ती एक क्षण थांबली, आणि मग तिनं केर त्यात लोटला.